शिंगाचा सहावा फाटा

—घासलाय हा, मिस रॅटरे. घासलाय म्हणजे काय, सोलून काढलाय. कोणी? आईनं? दरवर्षी? वा — बसा, बसा, कोट राहू द्या अंगात, इथली शेगडी नुसती नावाला आहे. दरवर्षी नोव्हेंबर लागला की आई टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसते, पॉलिशचा बोळा घेते, नि नवऱ्याचा पराक्रम चकचकीत करते — माहीत आहे मला, या गावात दर तिसऱ्या घरात अशी एक बाई आहे. अहो, या टोपीच्या बिल्ल्यावर तपकिरी मुलामा होता. मुद्दाम दिलेला. चमकू नये म्हणून. टोपीवर काही चमकलं की पलीकडच्या खंदकातल्या माणसाला नेम धरायला सोपं जातं, म्हणून. तुमच्या आईनं आधी मुलामा घासून काढला, मग खालचं पितळ घासलं. आकडा कुठे आहे सांगा. पलटणीचा आकडा असतो इथं, मॅपलच्या पानाच्या देठाशी. फिरवा बोट. लागतंय काही? नाही ना? जर्मनांना पुसता आला नाही तो तुमच्या आईनं पुसला. राहू द्या, माझ्या हातातच राहू द्या, भिंगाखाली नीट बघतो. मी काही खात नाही तो.

बाहेर गाडीत बसल्यात ना मिसेस रॅटरे? खिडकीतून टोपी दिसतेय. आत का नाही आल्या? धीर नाही म्हणता? रोज तर येतात — म्हणजे रोज नाही, पण अकरा नोव्हेंबरला, स्मृतिदिनाला, येतात की, मागच्या दारानं, थेट मुदपाकात. तीस वर्षं सँडविच करतायत माजी सैनिकांच्या या हॉलसाठी. अंड्याचे. मीठ कमी असतं, पण लोक खातात. मला माहीत आहे तुम्हाला काय हवंय. येत्या रविवारी मी कपाटापुढं उभा राहीन नि ज्याचा बिल्ला कपाटात, त्याचं नाव मोठ्यानं वाचीन, नि सगळे टोपी काढून उभे राहतील, नि ‘ड्यूगल रॅटरे’ असं कानावर पडावं म्हणून तुमच्या आई एकदा तरी मुदपाकातून बाहेर येऊन उभ्या राहतील. एवढंच ना? एवढंच. एवढंच म्हणतात सगळे. एकतीस वर्षं मी नावं वाचतोय, एकतीस वर्षं लोक कागदाच्या पुड्या घेऊन येतात — मिस्टर पॉमरॉय, हा आमच्या काकांचा, मिस्टर पॉमरॉय, हा ट्रंकेत सापडला. मी म्हणतो, नियम एकच. बिल्ला खरा हवा नि ज्याचा त्याचा हवा. मग तो कोणाचाही असो. मला काही तुमच्या वडिलांशी वैर नव्हतं. मी कुठं म्हटलं होतं की होतं? तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगून ठेवतो.

या, इकडे या, कपाटाजवळ. हिरव्या बनातीवर चोवीस आहेत, मोजून. आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी, माझ्या अक्षरात. हा काळा रायफलवाल्यांचा — ते आधीपासून काळाच लावायचे, रानात लपून गोळी घालणारी माणसं ती. हा पेटलेला बाँबगोळा, हे काटेरी फूल स्कॉटिश घागरेवाल्यांचं. त्यातला तो घागरेवाला आपला बेकर, लढाईत एकदाही पडला नाही, गेल्या साली ह्याच हॉलच्या पायरीवर पडला नि गेला. मुकुट बघा. हा राजाचा, घुमटासारखा गोल. हा राणीचा, मधे दबलेला. राणी गादीवर आली तसे सगळ्या पलटणींचे मुकुट बदलले, अजून दहा वर्षंही झाली नाहीत. आणि गेल्या साली ती पोस्टातली विल्डा बापाचा बिल्ला म्हणून घेऊन आली — मुकुट राणीचा! बाप सोळा साली मेलेला! मी म्हटलं, विल्डाबाई, तुमच्या वडिलांना स्वर्गात नवीन गणवेश मिळालेला दिसतोय. सगळ्यांसमोर म्हटलं. पत्ते थांबले लोकांचे. रडली ती. रडू दे, पण खोटा बिल्ला कपाटात शिरला नाही. कोणीतरी कठोर असावं लागतं, नाहीतर निम्मं गाव वीर निघेल.

आता आपल्या गावच्या पलटणीचं ऐका, म्हणजे तुमचं काय चुकतंय ते कळेल. पंधरा-सोळा साली, पहिल्या लढाईत, कॅनडात जो तो कर्नल होत होता. कर्नल म्हणजे कोण? वखारवाला, वकील, एक तर दातांचा डॉक्टर होता. माणसं गोळा करायला परवानगी मिळाली की पहिलं काम काय करायचे — बंदुका? बूट? छे, बिल्ला. सोनाराकडे जायचे. अडीचशे पलटणी नि अडीचशे बिल्ले. मॅपलचं पान ठरलेलं, त्याच्यावर काय ते ज्याचं त्यानं बघायचं. कोणी बीव्हर, कोणी अस्वल, कोणी आपल्या आजोळचं चिन्ह. आमच्या कर्नलच्या कचेरीत भिंतीवर मूसचं, त्या थोरल्या हरणाचं, मुंडकं होतं, सुपाएवढी शिंगं, त्यानं स्वतः मारलेलं. झालं. मूस. आठशेवीस पोरं गावातून नि आसपासच्या लाकूडतोड्यांच्या तळांवरून गोळा झाली, आठशेवीस टोप्यांवर मूस चढला. स्टेशनवर बँड होता. पोरींनी मागून मागून बिल्ले नेले, मागं टाचणी डकवून छातीवर लावायला. तुमच्या आईनं मागितला होता. हो, तुमच्याच आईनं. मला मागितला होता. माहीत नव्हतं? मी दिला नाही, म्हटलं सरकारी माल आहे. मग तिनं रॅटरेला मागितला. त्यानंही दिला नाही — पण तो म्हणे म्हणाला, परत आलो की देतो. असं म्हणायचं सुचायला हवं, नाही का? मला नाही सुचलं. असो.

तर मुद्दा काय — हा मधला. माझा. ‘कॉर्पोरल ई. पॉमरॉय’. भिंग घ्या हे, मोजा. डाव्या शिंगाला फाटे किती? सहा. आता हा तुमचा — मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच! सहावा आईनं घासून टाकला म्हणाल, तर तिथं खूण राहिली असती, टोक बोथट झालं असतं. इथं मुळातच नाही. मूळ ठशातच नाही. म्हणजे हा दुसऱ्याच ठशातून काढलेला, मिस रॅटरे, नक्कल. लढाईनंतर फेरीवाले विकायचे असले. तुमच्या वडिलांनी कुठून तरी घेतला असेल, बायकोला दिलेला शब्द पुरा करायला. नि ती बिचारी नक्कल घासत बसली जन्मभर. गाडीत जाऊन आता हे तुम्ही सांगता की मी येऊ सांगायला? मला काही वाटणार नाही, मला सवय आहे.

काय? काय म्हणालात? साबणात?

साबणात होता? थांबा, थांबा — कोणी सांगितलं तुम्हाला हे? त्यानं स्वतः? केव्हा, दवाखान्यात, शेवटी? दाढीच्या साबणाच्या वडीत. वडी मधून चिरली, बिल्ला आत दाबला, वरून ओल्या बोटानं सारवलं. साबणात! नि आम्ही त्याची गादी उसवली. बुटांचे तळ उचकटले. त्याच्या आईनं पाठवलेला केक मी स्वतः सुरीनं चिरला, तुकडे तुकडे केले, मनुका मनुका वेगळी केली — नि साबण तिथं फळीवर! तो त्याच साबणानं दाढी करून रोज परेडवर यायचा! माझ्यासमोर!

नाही, तसं नाही. तुम्हाला सगळं माहीत नाही म्हणून सांगतो, नाहीतर भलताच अर्थ काढाल. इंग्लंडात उतरलो. आम्हाला वाटलं, आता आमची पलटण, आमचा मूस, फ्रान्स. महिन्यात हुकूम आला, पलटण मोडली. तिकडच्या जुन्या पलटणी रिकाम्या होत चालल्या होत्या, त्यांच्यात भरायला माणसं हवी होती. बिल्ले नको होते, माणसं हवी होती. अडीचशेतल्या दोनशे अशाच मोडल्या, आमचं काही एकट्याचं नव्हतं. चिखलात उभं केलं नि सांगितलं — बिल्ला काढा, डब्यात टाका, पुढं चला, नवीन पलटणीचा घ्या. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा होता. डबा कोणी धरला होता? मी. कोणीतरी धरायला हवा होता. मेजर म्हणाला, कॉर्पोरल, आधी तुझा, म्हणजे बाकीचे टाकतील. मी टाकला. पहिला. सगळ्यांच्या खाली माझा. मग एकेक येत होता, काढत होता, टाकत होता. मोठी मोठी दाढीवाली माणसं रडत होती हो, एका पितळी हरणासाठी. बिल्ल्यावर बिल्ला पडला की जड आवाज येतो, खड् असा. रॅटरे आला, मूठ डब्यावर उघडली — नि आवाज आला टिण्. मी वाकून पाहिलं. नाणं. आपला कॅनडाचा मोठा सेंट, राजाचं तोंड वर. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनी म्हणत होता, राहू दे ना, एव्ह. एव्ह म्हणायचा मला. एका बाकावर होतो शाळेत.

मग मी काय करायचं होतं? डबा माझ्या हातात, हिशेब माझ्या माथ्यावर. आठशेवीसमध्ये एक कमी भरला असता तर कोणाला धरलं असतं? सांगितलं मी मेजरला. हो, सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे? — सात दिवस कोठडी झाली त्याला, कोळसा वाहिला, सापडलं काहीच नाही. नि सार्जंटनं ते नाणं माझ्याकडे फेकलं, सगळ्यांदेखत — घे कॉर्पोरल, तुझी बक्षिसी. हसले सगळे. मग फ्रान्सला पहिली तुकडी निघाली, तिच्यात कोठडीतल्यांची नावं वर असतात, रीतच होती तशी, ती मी केली नव्हती. तिकडे त्याला गॅस लागला. तो खोकला. मी गॅस सोडला नाही, मिस रॅटरे. असं बघू नका माझ्याकडे.

मी? मी कुठं होतो म्हणजे? मी — छावणीत. भांडारात. डब्यांचं काम होतं. दर महिन्याला एखादी पलटण मोडायची नि दर महिन्याला डबा. अस्वलं, बीव्हर, लांडगे, सगळे माझ्या हातातून वितळायला गेले. कोणीतरी करायला हवं होतं ते. हजारो बिल्ले हातातून गेले नि आपला एक — आपला एक ठेवावा असं सुचलं नाही. सुचलं नाही असं नाही. भीती वाटली. रॅटरेचं काय झालं ते मीच बघितलं होतं ना.

मग हा कपाटातला कुठला, असं विचारणार ना आता? मास्तरीण आहात, विचारणारच. हा नंतर मिळाला. मिळाला म्हणजे — ठेवा ती पर्स, काय काढताय? फोटो? कशाला? हा स्टुडिओतला, स्टेशनच्या समोरचा, ओळखतो मी, मागं तो रंगवलेला धबधबा. सोळा साल. रॅटरे. काय कोवळा होता. नि शेजारी — मीच. हो, दोघांनी मिळून काढला होता, निम्मे निम्मे पैसे. भिंग तुम्हीच घेतलंत होय. मोजा मग. माझ्या टोपीवर मोजा.

किती?

पाच. बरं, पाच. दोघांचे पाच. अहो, तेव्हा चौतीस वर्षांचा माणूस लंडनच्या दुकानाच्या यादीतून टपालानं बिल्ला मागवतो, कपाट तयार आहे, रविवारी उद्घाटन आहे, पुडी उघडतो — मूस आहे, पान आहे, आकडा आहे. फाटे कोण मोजतं? शिंगाचे फाटे कोणाच्या लक्षात राहतात? मी नंतर मोजले, जेव्हा तो —

तो दरवर्षी यायचा, तुमचा बाप. आत यायचा नाही, तिकडे कोटाच्या खुंट्यांपाशी उभा राहायचा, टोपी हातात, खोकला दाबत. मी नावं वाचायचो. माझं नाव मीच वाचायचो, मधल्या रांगेतलं, नि तो कपाटाकडे बघायचा. एकदा, पहिल्या वर्षी, जवळ आला. काचेला नाक लावून बघितलं. ओठ हलले त्याचे. मोजत होता. मग माझ्याकडे वळला, नि मला वाटलं, आता बोलणार, आता सगळ्यांसमोर बोलणार — नि तो म्हणाला, ‘छान लावलंयस, एव्ह.’ नि चहा घ्यायला गेला. रात्री बिल्ला घरी नेऊन मी भिंग घेऊन मोजले. तीस वर्षं, दर नोव्हेंबरात, मी वाट बघत थांबलो. बोलेल, आज बोलेल. बोलला नाही. का बोलला नाही? तुमच्याजवळ बोलला असेल. सांगा ना. आता तो मेला, आता सांगायला काय हरकत आहे? हसत असेल ना घरी? टेबलावर बसून, तुम्ही नि आई नि तो, पॉमरॉयच्या सहा फाट्यांवर पोट धरून हसत असाल.

काय म्हणायचा? पुन्हा म्हणा. शब्द न् शब्द म्हणा.

‘राहू द्या पॉमरॉयला. त्याच्याजवळ तेवढंच आहे.’

असं. तेवढंच आहे. म्हणून त्यानं स्वतःचा आणला नाही, तीस वर्षं. शेजारी लागला तर माझा उघडा पडेल म्हणून. दया आली त्याला. खोकत खोकत खुंट्यांपाशी उभा राहून तो माझ्यावर दया करत होता. नि तुमच्या आईला हे माहीत होतं? माहीत होतं. मुदपाकात सँडविच कापताना माहीत होतं. ‘सँडविच घ्या, मिस्टर पॉमरॉय.’ हसून द्यायची. मला वाटायचं — जाऊ दे काय वाटायचं.

बस खाली. नाहीतर उभी राहा, तुझी मर्जी, एल्स्पेथ. लहान होतीस तेव्हा याच हॉलमध्ये कपाटाला हात लावलास म्हणून मी तुझ्या बोटांवर पट्टी मारली होती, आठवतं? आठवतं ना. मग हात मागं ठेव. ही किल्ली. हे दार उघडलं. हा माझा काढला, जातो माझ्या खिशात. नि हा — नको, हात मागं — हा तुझ्या बापाचा, इथं. जुन्या भोकांत बरोबर बसला बघ, मागच्या कड्याही जुळल्या. खाली चिठ्ठी आहेच, ‘कॉर्पोरल ई. पॉमरॉय’. दार लावलं. कुलूप.

ओरडू नकोस. पलीकडे चौघं पत्ते खेळतायत, बोलाव हवं तर. सांग त्यांना. मी सांगेन, बिचारीचा बाप दीड महिन्यापूर्वी गेला, डोकं ठिकाणावर नाही. चमकतोय म्हणशील, तर मी म्हणेन, रविवारसाठी घासला. नि फोटो दाखव ना, जरूर दाखव. फोटोत माझ्या टोपीवर पाच, कपाटात पाच. इतकी वर्षं नव्हती माझ्याकडे अशी साक्ष, तू घरून घेऊन आलीस.

आणि हे घे. घे म्हणतो ना. घड्याळाच्या खिशात ठेवलेलं असतं, कधी काढलं नाही. बघ, राजाचं तोंड अजून शाबूत आहे, मी घासत नाही. तुझ्या बापाचं नाणं. हुकूम होता, प्रत्येकानं आपला बिल्ला डब्यात टाकायचा. त्यानं नाणं टाकलं. आज ते परत, नि बिल्ला जमा. पंचेचाळीस वर्षं उशीर झाला, पण आठशेवीस भरले. सुटला तो.

रडतेस कशाला? तुला कपाटात हवा होता ना? आहे कपाटात. लोक टोपी काढतील त्याच्यापुढं, दरवर्षी, मी आहे तोवर. नाव तेवढं मी चिठ्ठीवरचं वाचतो.

जा आता, आई थंडीत बसलीये. तिला सांग, सँडविच नेहमीएवढेच, अंड्याचे, नि या वेळी मीठ बघून. आणि दार ओढून घे जाताना. ऊब जाते.